घडी

दहा फूट बाय आठ, आणि खिडकी एकच,
तीही पश्चिमेला, वाऱ्याच्या थेट तोंडात.
पुन्ता अरेनासमध्ये पश्चिमेला खिडकी काढणारा माणूस
परका असणार, नाहीतर नुकताच प्रेमात पडलेला.
रुपेर्तो दोन्ही नव्हता. त्याला घर असंच मिळालं.

मी रंगाच्या दुकानात काम करते.
गिऱ्हाइकांनी परत आणलेले डबे आम्हाला पाव किमतीत पडतात.
कुणाला फिका वाटलेला पिवळा,
कुणाच्या सासूला न आवडलेला हिरवा.
पिवळा फ्रेसियाच्या भिंतीला. फ्रेसिया सहा वर्षांची,
माझ्या पोटची, बारा महिने इथलीच.
हिरवा एलिसेओच्या भिंतीला.
एलिसेओ नऊ वर्षांचा, रुपेर्तोचा आणि मिलेंकाचा,
सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला राहतो,
एक आठवडा आड फेरीबोटीनं येतो,
वारा हो म्हणाला तर.

टेप घेऊन मी जमिनीवर बसले.
अर्धा महिना राहणाऱ्याला किती फूट द्यायचे?
हिशेब सोपा होता,
म्हणूनच तो मला करवेना.
खडूनं बरोबर मधोमध रेघ मारली.
पुसली. खिडकी त्याच्याकडे जाईल अशी मारली.
मग लक्षात आलं, वाराही त्याच्याच वाटणीला गेला.

शेवटी खिडकीखाली दोघांचं मिळून एक लांब टेबल,
दोन टोकांना दोन पलंग,
लेंगाच्या लाकडाचे, रुपेर्तोनं रविवारी रविवारी केलेले,
पलंगाखाली तीन-तीन खण.
सगळं सारखं. दिव्याची बटणंसुद्धा
मी वीत लावून एका उंचीवर घेतली.
एवढं सारखं केलं की खोली
दवाखान्यासारखी दिसायला लागली.

तो आला. बघितलं.
"छान आहे, सेन्योरा," म्हणाला.
बॅग पलंगाशेजारी ठेवली आणि तीतूनच आठवडा काढला.
दात घासून झाले की ब्रश परत बॅगेत.
सकाळी चादर इतकी ताठ घालायचा
की रात्री तिथं कुणी झोपलं होतं
हे मला उशी हुंगून ठरवावं लागे.
नव्या कपड्याची घडी मोडतात ना,
तशी त्या पलंगाची घडी काही मोडेना.
पोरगं गुणी आहे, असं शेजारीण म्हणाली.
मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

ऑगस्टमध्ये बंदर दोनदा बंद झालं.
चौकात माणसांना धरायला दोर बांधले,
छपराचे पत्रे रात्रभर बोलत होते.
एलिसेओ तीन आठवडे आला नाही
आणि फ्रेसिया हळूहळू रेघ ओलांडत गेली,
आधी एक बाहुली, मग बाहुलीचं सामान,
मग खालचा खण.
मी रागावले. ती म्हणाली,
"आई, रिकामं राहिलं तर ते कुणाचंच होत नाही."

चौथ्या आठवड्यात तो उतरला,
कान लाल, बूट ओले.
मी स्वयंपाकघरात काझुएला ढवळत होते
तेव्हा आतून आवाज आला. हाक नव्हे, किंकाळीच.
खालच्या खणात त्यानं फेरीबोटीची तिकिटं ठेवली होती,
इथं आल्याच्या प्रत्येक खेपेचं अर्धं फाटलेलं एक,
रबर लावून, तारखेनं.
मला पत्ता नव्हता.
फ्रेसियानं त्यांना रंगीत खडूनं डोळे काढले होते
आणि बाहुल्यांना वाटून टाकली होती.

"हा माझा खण आहे!
माझा! माझ्या खोलीत माझ्या खणाला हात लावायचा नाही!"

रुपेर्तो उठायला लागला.
मी डाव त्याच्या छातीशी आडवा धरला, रस्सा शर्टावर सांडला.
"बस," म्हटलं. "ओरडू दे."
भांडण बराच वेळ चाललं.
दार दोनदा आपटलं. कुणीतरी कुणाला चावलं.
जेवायला दोघं आली ती तोंडं फिरवून,
आणि एलिसेओनं न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सकाळी खोलीत डोकावले.
त्याची चादर अर्धी जमिनीवर,
मोजे टेबलावर, एक तिच्या बाजूला.
टेबलाखाली डोळे काढलेली तिकिटं
पुन्हा रबर लावून.
मी काही उचललं नाही.

खिडकीच्या फटीतून अजून वारा येतो.
दुकानात फोमची पट्टी मिळते, दोन मीटर पुरेल.
आज आठवणीनं आणायची.